वेळपाड्याची दुसरी मोजणी

बळवंत शेडगे वेळपाड्यात पहिल्यांदा आला तो चौसष्ट सालच्या जानेवारीत, बगलेत रजिस्टर मारून आणि पायांत बूट घालून. बूट ही त्याची पहिली चूक. चिंचणीपासून तासभर वाळू तुडवत यायचं, मधे दोन खाड्या उतरायच्या, आणि हा गडी घाटावरच्या कोरड्या मुलखातला. दुसऱ्या खाडीतल्या चिखलानं एक बूट गिळला तो गिळलाच. पाड्यातल्या बायका बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालत होत्या. एका पायात बूट आणि एक पाय चिखलानं माखलेला असा सरकारी माणूस बघून त्या पोट धरधरून हसल्या. बळवंतही हसला. पुढं वर्षभर त्या पाड्यात त्याला 'एकबुट्या' हेच नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडायचं.

काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. सरकारला समुद्रकाठची ती पट्टी हवी होती. कशासाठी, ते वेळपाड्याला कुणी धड सांगितलं नाही. मोठं काम येणार, एवढंच. मोठं काम येतं तेव्हा आधी खुंट्या ठोकणारे येतात, मग कागदवाले येतात, आणि शेवटी ट्रक. बळवंत कागदवाल्यांपैकी. पाड्यातल्या चौतीस घरांत कोण कोण राहतं ते लिहून घ्यायचं आणि पालघरच्या कचेरीत नेऊन द्यायचं. त्या यादीवरून पाम गावाच्या बाजूच्या माळावर नवी वस्ती वसवायची होती. नियम साधा होता. ज्या घरात कर्ता पुरुष, त्या घराला वस्तीत स्वतःची जागा. ज्या घरात नुसत्या बायका आणि पोरं, ते घर जवळच्या नातलगाच्या घराला जोडायचं. हा नियम करणाऱ्यानं आयुष्यात कधी नातलगाच्या ओसरीवर चार दिवस काढले नसावेत.

येसूबाई पागधरेचं घर पाड्याच्या अगदी टोकाला. बाई पन्नाशीची, आवाज खणखणीत. कोळणीला लहान-मोठा कळत नाही, ती कलेक्टरलाही अरेतुरेच करते.

"घरात किती माणसं?" बळवंतनं विचारलं.

"आमी दोगी. मी आन् माजी सून पुष्पलता."

अंगणात दोरीवर पुरुषाचा सदरा वाळत होता. बळवंतनं पेनानं तिकडे दाखवलं. "आणि हा सदरा?"

"तो वाळतोय," येसूबाई म्हणाली.

बायका पुन्हा हसल्या आणि बळवंतनं 'दोन' असं लिहिलं. कर्ता पुरुष या रकान्यात 'नाही'. असेल कुणाचा सदरा, आपल्याला काय. दिवस कलायला लागला होता, उरलेल्या बुटानं पायाला फोड आणला होता आणि अजून नऊ घरं बाकी होती. चौतीसपैकी तेरा घरांत त्याला असंच उत्तर मिळालं. आमी दोगी. आमी चार, पोरांना धरून. मी एकलीच. कोळ्यांच्या पाड्यात इतक्या घरांत पुरुष कसा नाही, हा प्रश्न त्या दोन दिवसांत त्याच्या डोक्यात आला नाही. आला असता तर ही गोष्ट मी सांगत बसलो नसतो.

यादी पक्की होण्याआधी गावाला वाचून दाखवायची असते. ते काम एप्रिलच्या शेवटी निघालं. त्या दिवशी समुद्राला भांग होता, म्हणजे पाण्याला ओढ नव्हती, आणि ओढ नसली की डोल लावण्यात अर्थ नसतो. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधून ठेवायचं लांबलचक जाळं. पाणी ओढ घेतं तेव्हा मासळी आपसूक त्याच्या तोंडात जाते. तर सगळ्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, आणि बळवंत बघतो तो पाडा पुरुषांनी भरलेला. कुणी जाळी दुरुस्त करतोय, कुणी होडीच्या फटी बुजवतोय, कुणी नुसताच लोळतोय. यादी वाचताना त्याचा आवाज खाली खाली जात गेला.

एकविसावं नाव संपलं आणि एक पोरगा उभा राहिला. पंचविशीचा असेल, सावळा, हसरा, आणि अंगात तोच सदरा.

"माजं नाव राहिलं काय रे एकबुट्या?"

"तू कोण?"

"रामा. येसूबाईचा."

"तुझ्या आईनं मला दोनच माणसं सांगितली."

रामा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "माजी आई मला मोजनार? होडी पान्यावर असली की घरात मानसं मोजत नाय. नाव पन घेत नाय. आपलं किती हायत, कोन हायत, ते दर्याला कशाला सांगायचं? तू आलास तवा आमी सगळे भायेर होतो."

बळवंत वाळूत बसला तो बसलाच. त्याला राग आला तो स्वतःचा. त्याच्या गावी खळ्यावर धान्य मापताना त्याचा बाप पहिल्या मापाला 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा, आणि मधेच कुणी 'किती झालं' विचारलं तर डोळे वटारायचा. हे सगळं बघत वाढलेला माणूस, आणि तेरा घरांत बायकांना सरळ आकडा विचारत हिंडला. दोरीवरचा सदरासुद्धा त्याला दिसला होता.

"जागा नाही मिळणार," तो रामाला म्हणाला. "तेरा घरांना नाही मिळणार. तुझ्या आईला आणि बायकोला दातिवऱ्याच्या तुझ्या चुलत्याकडे जोडलंय."

रामाचं हसू गेलं. चुलत्याची दोन खोल्यांची झोपडी होती आणि खाणारी तोंडं नऊ. दातिवऱ्याला गेल्यावर रामा स्वतःच्या डोलीचा धनी राहणार नव्हता. चुलत्याच्या होडीवर गडी म्हणून जायचं, आणि पाचवा महिना लागलेल्या पुष्पलतानं परक्या चुलीपाशी दिवस काढायचे. पामचा माळ कसला का असेना, तिथून तासभर चाललं की आपलाच समुद्र होता आणि आपलेच खांब.

"मग आता लिही ना," रामा म्हणाला. "हा मी समोर उबा हाय."

आता लिहून चालत नव्हतं. वाचलेल्या यादीत कचेरीच्या परवानगीशिवाय काना-मात्रा बदलता येत नाही. बळवंत म्हणाला, मी परवानगी आणतो, मग तुम्ही सगळे पालघरला या. रामा हो म्हणाला. पण परवानगी लागलीच मिळाली असती तर त्या कचेरीला कचेरी कोण म्हणालं असतं.

हेडक्लार्क नरहरी सबनीस यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त बंद झालेली फाइल उघडलेली बघवत नसे.

"शेडगे, यादी म्हणजे धर्मशाळा आहे का, येईल त्याला आत घ्यायला?"

"अण्णा, ती माणसं तिथंच होती. मला दिसली नाहीत."

"मग चष्मा लाव."

बळवंत दहा दिवस रोज अण्णाच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. टोमणे खाल्ले, चहा आणून दिला, पुन्हा उभा राहिला. अकराव्या दिवशी अण्णानं तेरा कोरे फॉर्म त्याच्यापुढं टाकले. "शनिवारी पाच वाजता यादी ठाण्याला जाणार. त्याआधी हे भरून आण. घरात जो हजर असेल त्यानं स्वतःच्या तोंडानं नाव आणि आकडा सांगायचा, तू लिहायचं, खाली अंगठा. आपला शिपाई भगवंत साक्षीला येईल. तुझ्या मनानं एक नाव जरी घातलंस तर तुझी नोकरी जाईल, आणि माझीही." हे तो शुक्रवारी संध्याकाळी म्हणाला.

शनिवारी सकाळी बळवंत आणि भगवंत अनवाणी वेळपाड्यात पोचले तेव्हा वाळूवर एक होडी नव्हती. उधाण सुरू झालं होतं. वैशाखात मासळी लांब जाते, होड्या चार चार दिवस बाहेर राहतात, आणि पावसाआधीचं ते शेवटचं मोठं उधाण. चार महिने घरात बसून खायचं ते त्याच चार दिवसांच्या जिवावर. पुरुष सोमवारी येणार होते. यादी पाच वाजता जाणार होती.

बळवंत सगळ्यात आधी येसूबाईकडे गेला. तिनं सांगितलं तर बाकीच्या सांगतील, हे त्याला माहीत होतं. थोड्या वेळात जमना, हंसा अशा बाकीच्या बारा घरांतल्या बायका येसूबाईच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. त्यानं नियम समजावून सांगितला, फॉर्म दाखवला. पामची जागा, दातिवऱ्याची झोपडी, पाच वाजता काय होणार, सगळं सांगितलं.

"सोमवारी ये," येसूबाई म्हणाली.

"सोमवारी उपयोग नाही, मावशी."

"मंग नाय उपयोग."

"एक नाव आणि एक आकडा. दुसरं काही नको."

येसूबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "माजा सासरा तापानं गेला. नवरा पोटाच्या दुखन्यानं गेला, याच घरात, या हातांवर. आमच्या घरातलं एक मानूस दर्यानं नेला नाय. या पाड्यात असं दुसरं घर दाखव. कशानं? तोंड बंद ठेवलं म्हनून."

मग त्यानं जे कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. घाटावर त्याचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. मोजणीला माणूस आला तेव्हा थोरला भाऊ शिवाजी मुंबईला गिरणीत होता. घरात किती, असं त्या माणसानं विचारलं. आई म्हणाली, आम्ही पाच. सहावा तिथं नव्हता म्हणून तिनं तो धरला नाही. पाच जणांना जमीन मिळाली, सहाव्याला नाही.

"भाऊ आता घरी येत नाही," बळवंत म्हणाला. "पत्र टाकलं तर उत्तर देतो, तुमच्या घरात पाचच माणसं आहेत. आई ते पत्र वाचून घेते आणि रडते. मावशी, आईनं तेव्हा एक नाव घेतलं असतं तर माझा भाऊ आज घरात असता."

बायका हलल्या. हंसानं डोळ्याला पदर लावला. पुष्पलता दारात उभी होती ती मुकाट्यानं घराच्या मागं निघून गेली. भगवंतला ती कुडाच्या फटीतून दिसत होती. कानांत बोटं घालून ती जमिनीवर बसली होती.

"शाई आहे ती, मावशी," बळवंत म्हणाला. "कागदावरची शाई. शाईनं माणूस मरतो का?"

हे वाक्य त्याला अगदी मनापासून पटत होतं. दुपारचा एक वाजला होता आणि परत जायला तीन तास लागणार होते.

येसूबाई उठली. तिनं माठातलं पाणी घेऊन चूळ भरली. मग समुद्राकडे पाठ करून ती बळवंतसमोर बसली, डोक्यावरचा पदर पुढं ओढून तोंडाच्या दोन्ही बाजूंनी धरला, म्हणजे आवाज मागं जाणार नाही. इतकी खणखणीत बाई, पण तिचं बोलणं ऐकायला त्याला पुढं वाकावं लागलं.

"रामा," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "तीन."

बळवंतनं लिहिलं. अंगठा घेतला. येसूबाईच्या अंगठ्यावरची शाई त्यानं स्वतःच्या रुमालानं पुसली, पण ती सगळी निघाली नाही. त्यानंतर जमनानं आपल्या नवऱ्याचं आणि दोन दिरांचं नाव घेतलं, हंसानं बापाचं, आणि तासाभरात तेराही फॉर्म भरून झाले. परतीच्या वाटेवर दोघं अक्षरशः धावले. पाचला दहा मिनिटं असताना फॉर्म अण्णाच्या टेबलावर पडले. अण्णानं ते दोनदा मोजले आणि यादीला टाचले. बळवंत त्या दिवशी बाजारातून शेव-जिलेबी घेऊन खोलीवर गेला. इतका आनंद त्याला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

मंगळवारी हंसा पालघरच्या बाजारात बोंबील घेऊन बसली होती. बळवंत तिला म्हणाला, "आल्या का होड्या?"

"आल्या," हंसा म्हणाली, आणि तिनं मान खाली घातली. "रामा नाय आला."

वादळ नव्हतं, वारा नव्हता, काही नव्हतं. रविवारी सकाळी ओहोटीच्या आधी डोल ओढताना दोराचा वेढा रामाच्या पायात बसला. तेवढ्यात पाण्यानं ओढ घेतली आणि जाळ्याबरोबर तो खाली गेला. बरोबरच्या तिघांनी दोर कापायच्या आत सगळं संपलं होतं. दोन दिवस शोधूनही काही हाती लागलं नाही. असं दर दोन-चार वर्षांनी किनाऱ्यावर कुठं ना कुठं होतंच. हे बळवंतला पुढं अनेकांनी समजावून सांगितलं. तोही मान हलवायचा.

तो त्याच दिवशी वेळपाड्यात गेला. अंगण माणसांनी भरलं होतं. जमनाचा नवरा त्याच्या अंगावर येईल असं क्षणभर वाटलं, पण येसूबाईनं हात वर केला आणि बळवंतला जवळ बोलावलं. ती भिंतीला टेकून बसली होती. पुष्पलता तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि तिचे डोळे उघडे होते.

"कागद गेला?" येसूबाईनं विचारलं.

"गेला, मावशी."

"तेरा घरांचा?"

"तेराही."

"बाकीची समदी मानसं आली घरला," ती म्हणाली. "माजा एकटा गेला. मी पयलं नाव घेतलं ना." हे ती रागानं बोलली नाही, आणि तेच बळवंतला सहन झालं नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या, केस धरून वाळूत लोळवलं असतं तर तो सुटला असता. तो तिच्या पायांपाशी बसून लहान पोरासारखा रडला, आणि येसूबाईनं, जिचा पोरगा गेला त्या बाईनं, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कचेरीत बळवंतला वाटत होतं, आता कर्ता पुरुष गेला म्हणून ही जागाही काढून घेतील. तो अण्णाकडे भांडायच्या तयारीनंच गेला. अण्णानं रजिस्टर उघडलं, फॉर्मवरची तारीख बघितली आणि पुन्हा मिटलं. "मोजणीच्या दिवशी माणूस जिवंत होता. यादी बरोबर आहे. जागा राहील." मग चष्मा काढून पुसत म्हणाला, "इतकी बरोबर यादी माझ्या नोकरीत मी पाहिलेली नाही, शेडगे." त्याला बिचाऱ्याला धीर द्यायचा होता.

पाऊस संपल्यावर ट्रक आले. वलांड्यांचे बांबू, माठ, जाळी, देव, कोंबड्या, सगळं चढवून चौतीस घरं पामच्या माळावर गेली. वस्ती म्हणजे आखलेल्या ओळी, प्रत्येक ओळीत सारख्या खोल्या, आणि दारातून समुद्र दिसत नव्हता. पहिले पंधरा दिवस म्हाताऱ्या सकाळी उठल्या की सवयीनं पश्चिमेकडे जायच्या आणि बोरीच्या झुडपांपाशी थांबून परत यायच्या. बोईसरहून कामावर जाणारे परप्रांतातले मजूर वाटेनं हिंदीत बोलत जात, त्यांना हे सगळं बघून काय वाटायचं कोण जाणे. येसूबाईला अठ्ठावीस नंबरची खोली मिळाली. दारावरच्या पत्र्यावर रंगानं लिहिलं होतं, रामा पागधरे.

पुष्पलता सप्टेंबरातच बाळंत झाली होती. मुलगी.

डिसेंबरात वस्तीची रेशनकार्डं करायचं निघालं. बळवंतनं अण्णाला दुसरं कुणी पाठवा म्हणून सांगून पाहिलं. अण्णा म्हणाला, ती माणसं तुलाच ओळखतात, दुसऱ्याला खोटं-नाटं सांगतील. भगवंतला सोबत घेऊन तो गेला. भांग होता, पुरुष घरी होते, त्यांनी आपापली नावं पटापट सांगितली. अठ्ठावीस नंबर येईपर्यंत दुपार झाली.

येसूबाई दारातच बसली होती. वर्षभरात ती कितीतरी वाळली होती. आत पुष्पलता मुलीला पाजत होती. बाळ तीन महिन्यांचं झालं तरी बारसं केलं नव्हतं. शेजारणी म्हणत होत्या की आजी करू देत नाही. पोरीला हाक मारायची तर 'अगं' म्हणायचं, बस.

"रेशनकार्ड आहे, मावशी," बळवंत म्हणाला. "घरात किती माणसं?"

"कोनी नाय."

"मावशी."

"या घरात कोनी नाय. लिही."

आत पोरगी रडायला लागली. चांगली टाहो फोडून रडत होती, ओळीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल इतकी. येसूबाईनं मागं वळून पाहिलं नाही. बळवंतच्या तोंडावरची तिची नजर हलली नाही.

"धान्य नाही मिळणार," तो हळूच म्हणाला. "साखर, रॉकेल, काही नाही. आणि जागा रामाच्या नावावर आहे, त्याला मूल आहे हे कुठं तरी लिहिलेलं पाहिजे. उद्या कुणी म्हणेल, या पोरीचा इथं काय हक्क. मावशी, तिच्यासाठी म्हणतो."

"रामासाटी पन असंच म्हनत होतास."

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दार लावायच्या आधी पुष्पलतानं पोरीला छातीशी घट्ट धरून पदराखाली झाकलं, ते बळवंतला दिसलं.

तो ओळीच्या टोकाला बोरीच्या झुडपापाशी जाऊन उभा राहिला. फॉर्म गुडघ्यावर ठेवला, पेनचं टोपण काढलं. आत काय आहे हे त्याला माहीत होतं, तोंडानं कुणी सांगायची गरज नव्हती, आणि या वेळी अण्णाची अटही नव्हती. बायका दोन. ते त्यानं लिहिलं. खालच्या ओळीत मुलं, आणि पुढं मोकळा चौकोन. तिथं एकचा आकडा काढायचा होता. देवाधर्माचं तो फारसं करत नसे. नवससायास करणाऱ्यांची कचेरीत टिंगल करणारा माणूस तो. शाईनं काही होत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पेन कागदाला टेकलं, शाईचा ठिपका पडला, आणि हात पुढं जाईना. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मग त्यानं पेनचं टोपण लावलं.

"काय झालं?" भगवंतनं विचारलं.

बळवंतनं फॉर्म आणि पेन दोन्ही त्याच्या हातात दिलं.

"पोरगी आहे तीन महिन्यांची," तो म्हणाला. "तू लिही. माझ्या हातून नको."